रक्तदाब आणि रक्तातील मेद : चाळिशीनंतरचा जोडहिशेब

परळ येथील आचार्य दोंदे मार्गावर १९२६ साली सुरू झालेले राजे एडवर्ड स्मारक रुग्णालय उभे आहे. के. ई. एम. या नावाने ते साऱ्या महाराष्ट्राला परिचित आहे. एके काळी या रुग्णालयाच्या परिसरात, परळ, लालबाग, शिवडी, भायखळा या भागांत, कापड गिरण्यांच्या भोंग्यांवर माणसांचा दिवस उगवत असे आणि मावळत असे. कोकणातून, तसेच सातारा, कोल्हापूर इत्यादी जिल्ह्यांतून आलेले तरुण या गिरण्यांत रुजू होत, चाळींतील खोल्यांत दाटीवाटीने राहत आणि वयाची चाळिशी गाठेपर्यंत एका मोठ्या कुटुंबाचा आधारस्तंभ बनत. अशा कर्त्या पुरुषाला वयाच्या पन्नाशीच्या आसपास हृदयविकाराने गाठले, तर त्याचा आघात परळच्या चाळीतील खोलीपुरता मर्यादित राहत नाही. गावाकडील घर, मुलांचे शिक्षण आणि म्हाताऱ्या आईवडिलांचे औषधपाणी या सर्वांवर त्याचा परिणाम होतो.

या आजारामागील कारणांत दोन गोष्टींचा उल्लेख नेहमी होतो. एक म्हणजे वाढलेला रक्तदाब आणि दुसरी म्हणजे रक्तातील मेदाचे बिघडलेले प्रमाण. सामान्यतः या दोहोंचा विचार स्वतंत्रपणे केला जातो. एकाला ‘प्रेशर’ असते, तर दुसऱ्याला ‘कोलेस्टेरॉल’ असते, असे लोक म्हणतात. प्रत्यक्षात हे दोन्ही विकार पुष्कळदा एकाच माणसाच्या ठिकाणी एकत्र वसतात, एकमेकांना बळ देतात आणि एकाच धमनीवर घाव घालतात. म्हणून त्यांचा हिशेब एकत्र मांडणे अगत्याचे आहे.

परळमधील एक ऐतिहासिक संशोधन

रक्तदाबाच्या उपचारांच्या इतिहासात मुंबईचे स्थान मानाचे आहे. के. ई. एम. रुग्णालयातील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधा या वनस्पतीच्या मुळीचा उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांवर झालेला परिणाम पद्धतशीरपणे नोंदविला आणि १९४९ साली तो ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. सर्पगंधा आपल्या वैद्यांना पूर्वापार ठाऊक होती. तथापि, तिच्या गुणाची आधुनिक पद्धतीने घेतलेली ही नोंद जगभरच्या डॉक्टरांचे लक्ष वेधून घेणारी ठरली. १९५२ साली स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी या मुळीतून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे केले. १९५७ साली डॉ. वकील यांना अमेरिकेतील लास्कर पारितोषिक देऊन गौरविण्यात आले. पुढे रेसर्पिनचे दुष्परिणाम ध्यानात आले आणि अधिक सुरक्षित औषधांनी त्याची जागा घेतली. असे असले, तरी वाढलेला रक्तदाब औषधाने खाली आणता येतो, हा विश्वास जगाला मिळण्यात परळच्या या रुग्णालयाचा वाटा मोठा आहे.

रक्तातील मेद कमी करणारी परिणामकारक औषधे मात्र बऱ्याच उशिरा आली. स्टॅटिन या वर्गातील पहिले औषध अमेरिकेत वापरात आले, ते १९८७ साली. दरम्यानच्या काळात रक्तदाब मोजणे ही दवाखान्यातील नित्याची बाब झाली, तर मेदाची तपासणी ही मोठ्या रुग्णालयाची आणि खर्चाची बाब राहिली. या दोन आकड्यांना वेगवेगळे मानण्याची सवय जडण्याचे हे एक कारण असावे.

मेद म्हणजे काय?

मेद हा शरीराचा शत्रू नव्हे. पेशींची आवरणे बांधण्यासाठी, काही संप्रेरके तयार करण्यासाठी आणि शक्तीचा साठा करण्यासाठी तो आवश्यकच आहे. मात्र, तेल पाण्यात मिसळत नाही, त्याप्रमाणे मेदही रक्तात विरघळत नाही. त्यामुळे प्रथिनांच्या वेष्टनात बांधून त्याची वाहतूक करावी लागते. वेष्टनात बांधलेल्या या कणांचे दोन प्रकार सर्वसाधारण वाचकाने लक्षात ठेवावेत. एलडीएल हे कण कोलेस्टेरॉल शरीरभर पोहोचवितात. त्यांची संख्या वाढली की ते धमनीच्या भिंतीत शिरून तेथे साचतात. एचडीएल हे कण साचलेले कोलेस्टेरॉल उचलून यकृताकडे परत नेण्याच्या कामी उपयोगी पडतात. याखेरीज ट्रायग्लिसराइड हा साठवणीचा मेद असतो. गरजेपेक्षा अधिक खाणे, गोड पदार्थ, मद्यपान आणि बैठे काम यांमुळे त्याचे रक्तातील प्रमाण वाढते.

तपासणीच्या कागदावर हे आकडे दर डेसिलिटर रक्तातील मिलिग्रॅममध्ये दिलेले असतात. साधारणपणे एकूण कोलेस्टेरॉल २०० च्या आत, ट्रायग्लिसराइड १५० च्या आत आणि पुरुषांचे एचडीएल ४० च्या वर असावे, असे मानले जाते. एलडीएलची मर्यादा माणसागणिक बदलते. ज्याला मधुमेह आहे किंवा हृदयविकार होऊन गेला आहे, त्याने ती अधिक खाली राखावी लागते. रक्तदाबाचे दोन आकडे असतात. हृदय आकुंचन पावताना धमनीत असणारा दाब हा वरचा आकडा होय, तर हृदय सैल पडताना उरणारा दाब हा खालचा आकडा होय. दवाखान्यातील वेगवेगळ्या वेळच्या मोजणीत वरचा आकडा १४० किंवा त्याहून अधिक, अथवा खालचा ९० किंवा त्याहून अधिक येत राहिला, तर त्यास उच्च रक्तदाब म्हणतात.

दोहोंचा संबंध कसा जुळतो?

निरोगी धमनी ही रबरी नळीसारखी निर्जीव वस्तू नाही. तिच्या आतील नाजूक अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड हा वायू पाझरत असतो आणि त्याच्या प्रभावाने धमनी गरजेनुसार सैल होते. या कार्याचा उलगडा करणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना १९९८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. रक्तातील मेदाचे प्रमाण बिघडले की हे अस्तर दुखावते आणि सैल होण्याची धमनीची क्षमता उणावते. कालांतराने भिंत जाड व ताठर होते. ताठर नळीतून तितकेच रक्त ढकलण्यासाठी हृदयाला अधिक जोर लावावा लागतो आणि रक्तदाब चढतो.

उलट बाजूनेही असेच घडते. चढलेला दाब अस्तरावर रात्रंदिवस आघात करतो. या आघाताने अस्तर सच्छिद्र होते आणि एलडीएल कणांना भिंतीत शिरण्यास वाट मिळते. अशा रीतीने मेद दाबाला आणि दाब मेदाला साहाय्य करतो. या दोहोंच्या मागे पुष्कळदा तिसरे कारण दडलेले असते. ते म्हणजे पोटाभोवती साचलेली चरबी. या चरबीमुळे इन्शुलिनचे कार्य मंदावते, यकृत अधिक ट्रायग्लिसराइड तयार करते, एचडीएल घटते आणि मूत्रपिंडे मीठ धरून ठेवू लागतात. हातपाय सडपातळ, परंतु पोट सुटलेले, अशी जी ठेवण आपल्याकडील चाळिशीच्या पुरुषांत सर्रास आढळते, ती या दृष्टीने दुर्लक्ष करण्याजोगी नाही.

अभ्यास काय सांगतात?

नॉर्वेतील ट्रोम्सो या गावी आठ हजारांहून अधिक पुरुषांची व जवळजवळ तितक्याच स्त्रियांची तपासणी करण्यात आली. तिचे निष्कर्ष १९९१ साली प्रसिद्ध झाले. कोलेस्टेरॉल जसे अधिक, तसा रक्तदाबही अधिक, असे त्यात दिसून आले आणि पुरुषांमध्ये वाढत्या वयाबरोबर हा संबंध अधिक ठळक होत गेल्याचे आढळले. ट्रायग्लिसराइड आणि रक्तदाब यांचा संबंध मात्र बव्हंशी शरीराच्या वजनाशी निगडित होता.

दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरते असे नाही, हा आक्षेप येथे रास्त ठरतो. त्याचे अंशतः उत्तर अमेरिकेतील एका अभ्यासाने दिले. तेथे रक्तदाब नसलेल्या ३,११० पुरुष डॉक्टरांचे मेद प्रथम मोजण्यात आले आणि त्यानंतर सुमारे १४ वर्षे त्यांच्या प्रकृतीची नोंद ठेवण्यात आली. या काळात त्यांच्यापैकी जवळजवळ एक तृतीयांश व्यक्तींना उच्च रक्तदाब जडला. एकूण कोलेस्टेरॉलचे एचडीएलशी असलेले गुणोत्तर ज्यांचे सर्वांत अधिक होते, अशा वरच्या पंचमांश गटात हा धोका सर्वांत खालच्या गटाच्या मानाने ५४ टक्क्यांनी अधिक आढळला. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षांचा अर्थ असा की, मेदाचा बिघाड हा पुष्कळदा रक्तदाबाच्या आधी येतो आणि त्याची पूर्वसूचना देतो.

दोन्ही एकत्र आल्यास काय होते, हे अमेरिकेतील ३५ ते ५७ वर्षे वयाच्या तीन लाखांहून अधिक पुरुषांच्या पाहणीत स्पष्ट झाले. रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल हे दोन्ही वरच्या पंचमांशात असून जे धूम्रपानही करीत होते, त्यांच्यातील हृदयरोहिणीच्या विकाराने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण, दोन्ही आकडे खालच्या पंचमांशात असलेल्या व धूम्रपान न करणाऱ्या पुरुषांच्या सुमारे वीस पट होते. येथे बेरीज नाही, तर गुणाकार आहे, ही गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे.

मुंबई बेटावरील चित्र

हे सर्व परदेशातील झाले. आपल्याकडे काय स्थिती आहे? टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील संशोधकांनी १९९१ पासून मुंबईच्या बेट-शहरात, म्हणजे कुलाब्यापासून शीव–माहीमपर्यंतच्या जुन्या मुंबईत, एक मोठी पाहणी हाती घेतली. तंबाखूचे परिणाम तपासणे हा तिचा मूळ हेतू होता. मतदारयाद्यांच्या आधारे ३५ वर्षे व त्यावरील सुमारे ९९ हजार स्त्रीपुरुषांच्या घरी जाऊन माहिती गोळा करण्यात आली. विशेष म्हणजे, ही माहिती हातात मावणाऱ्या छोट्या संगणकांवर नोंदविण्यात आली. पहारा असलेल्या श्रीमंत वसाहती तीत वगळल्या गेल्या होत्या. साहजिकच हे चित्र प्रामुख्याने चाळींत व साध्या इमारतींत राहणाऱ्या कष्टकरी आणि मध्यमवर्गीय लोकांचे आहे. त्यांपैकी ८८,६५३ व्यक्तींच्या रक्तदाबाची आकडेवारी २००४ साली प्रसिद्ध झाली. तीत निम्म्याच्या जवळपास लोकांचा दाब १४०/९० या मर्यादेला पोहोचलेला किंवा तिच्यापलीकडे गेलेला आढळला. त्याच पाहणीत सुमारे ६९ टक्के पुरुष कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखूचे सेवन करीत असल्याचेही दिसून आले होते.

त्यानंतर २०२१ साली बृहन्मुंबई महानगरपालिका आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या सहयोगाने १८ ते ६९ या वयोगटाची पाहणी झाली. तीत ३४ टक्के व्यक्तींना उच्च रक्तदाब, तर सुमारे २१ टक्के व्यक्तींच्या रक्तात अधिक कोलेस्टेरॉल आढळले. दोन्ही पाहण्यांचे वयोगट भिन्न असल्याने त्यांची थेट तुलना करता येणार नाही. परंतु रोग श्रीमंतांचा आहे, हा समज दोन्ही पाहण्यांनी खोटा ठरविला आहे.

मेदाच्या बाबतीत भारतीयांचे एक वेगळेपण आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने महाराष्ट्र, तामिळनाडू, झारखंड आणि चंडीगड येथे झालेल्या पाहणीचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. एकूण कोलेस्टेरॉल अधिक असणारे लोक १३.९ टक्केच होते, परंतु ट्रायग्लिसराइड अधिक असणारे २९.५ टक्के आणि एचडीएल कमी असणारे तब्बल ७२.३ टक्के होते. म्हणजे केवळ ‘कोलेस्टेरॉल ठीक आहे’ एवढे ऐकून निर्धास्त होणे आपल्याला परवडणारे नाही.

एका कल्पित उदाहरणाने हा मुद्दा अधिक स्पष्ट होईल. लालबागचे ४६ वर्षे वयाचे एक गृहस्थ आणि गिरगावचे त्याच वयाचे दुसरे गृहस्थ या दोघांचेही एकूण कोलेस्टेरॉल २२० आहे. परंतु पहिल्याचे एचडीएल ३६ आहे, तर दुसऱ्याचे ५५. पहिल्याचे गुणोत्तर सहाच्या वर जाते, दुसऱ्याचे चारवर थांबते. त्यातच पहिल्याचा रक्तदाब १३८/८८ असून त्याला तंबाखूची सवय आहे. त्याचा दाब १४० च्या आत असल्याने त्याला ‘काही नाही’ असे सांगितले जाण्याचा संभव असतो. वस्तुतः दोघांमध्ये अधिक काळजी त्याचीच घ्यावयास हवी.

बदललेले कष्ट, न बदललेले ताट

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर मुंबईचा गिरणीधंदा पुन्हा सावरला नाही. गिरण्यांच्या जागी कचेऱ्या, दुकाने आणि उंच इमारती उभ्या राहिल्या. मागांच्या ओळींमधून आठ-आठ तास उभ्याने फिरणाऱ्या बापाचा मुलगा आज त्याच जागेवर पहारेकरी, कारकून किंवा संगणकचालक म्हणून दिवसभर बसून असतो. चाळीचा जिना जाऊन उद्वाहन आले. अंगमेहनतीच्या काळात पचून जाणारा आहार मात्र फारसा बदलला नाही. भाताची मोठी वाढणी, सोबत पापड, लोणचे, सुकट-बोंबील, दुपारच्या चहाबरोबर फरसाण किंवा चिवडा आणि घाईच्या वेळी स्थानकाबाहेरचा वडापाव असा दिनक्रम अनेकांचा आहे.

यांतील कोणताही पदार्थ स्वतः विष नव्हे. प्रश्न प्रमाणाचा व वारंवारतेचा आहे. खारवलेली मासळी, पापड, लोणचे व फरसाण यांतून नकळत मीठ पोटात जाते आणि मीठ रक्तदाब वाढविते. दिवसाकाठी पाच ग्रॅमपेक्षा, म्हणजे एका चहाच्या चमच्यापेक्षा, कमी मीठ पुरेसे आहे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पुनःपुन्हा तापविलेले तेल आणि वनस्पती तूप यांतून मेदाचे प्रमाण बिघडते. खाद्यतेलातील व वनस्पती तुपातील घातक ट्रान्स मेदाचे प्रमाण २ टक्क्यांवर आणण्याचा नियम १ जानेवारी २०२२ पासून देशभर लागू झाला, हे या दृष्टीने महत्त्वाचे पाऊल होय. ताजी मासळी, डाळी, उसळी, पालेभाज्या, ज्वारी-नाचणीची भाकरी हा आपला जुना आहार मात्र दोन्ही आकड्यांना अनुकूल आहे.

उपचारांविषयी काही गैरसमज

मेदाची गोळी सुरू आहे म्हणून रक्तदाबाची गोळी बंद केली, असे सांगणारे रुग्ण आढळतात. हे अत्यंत धोक्याचे आहे. स्टॅटिनमुळे रक्तदाबात पडणारा फरक फारच अल्प असतो. एक गोळी दुसरीची जागा घेऊ शकत नाही. मात्र दोन्ही उपचार एकत्र केल्यास लाभ वाढतो. भारतासह २१ देशांत झालेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मध्यम धोक्याच्या व्यक्तींना मेद व दाब या दोहोंवरील औषधे एकत्र देण्यात आली, तेव्हा हृदयविकार, पक्षाघात इत्यादी घटना २९ टक्क्यांनी घटल्या. औषध कोणाला व कोणते द्यावयाचे, हे अर्थातच डॉक्टरांनी ठरवावयाचे आहे.

‘मला काही त्रास होत नाही’ हा दुसरा गैरसमज. मेदाला आणि दाबाला दुखणे नसते. पुष्कळांना पहिले लक्षण जाणवते, ते थेट छातीतील कळेच्या रूपाने. दक्षिण आशियातील लोकांना पहिला झटका इतर देशांतील लोकांच्या मानाने सुमारे सहा वर्षे आधी, सरासरी ५३ व्या वर्षी येतो, असे एका जागतिक अभ्यासात २००७ साली दिसून आले. निवृत्तीला पाच-सात वर्षे उरली असता आणि मुलांची शिक्षणे अर्धवट असता येणारा हा आघात आहे.

गावाने आणि शाळेने काय करावे?

गिरणगावाचा हा धडा मुंबईपुरता उरलेला नाही. बैठे काम, दुचाकी, तळलेले पदार्थ आणि तंबाखू या गोष्टी तालुक्याच्या गावीही पोहोचल्या आहेत. राष्ट्रीय कार्यक्रमानुसार तीस वर्षांवरील प्रत्येक व्यक्तीची रक्तदाब व मधुमेहासाठी तपासणी करावयाची असते. २०१७ साली सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात आपल्या राज्यातील सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा व वर्धा हे जिल्हे आरंभीच समाविष्ट झाले. या योजनांचा लाभ घेण्यात स्त्रियांपेक्षा पुरुष मागे राहतात, कारण तपासणीच्या वेळी ते कामावर असतात. म्हणून ग्रामसभा, आठवडे बाजार, दूध संकलन केंद्र, एस. टी. आगार अशा ठिकाणी पुरुषांची तपासणी ठेवणे पंचायत सदस्यांना शक्य आहे. कार्यालयप्रमुखांनी चाळिशीवरील कर्मचाऱ्यांची वर्षातून एकदा तपासणी होईल, असे पाहावे.

मोजणी योग्य रीतीने होणे तितकेच महत्त्वाचे आहे. दाब मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा, तंबाखू किंवा विडी घेऊ नये. तीन जिने चढून आलेल्या माणसाला पाच मिनिटे पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून स्वस्थ बसू द्यावे. दंड हृदयाच्या पातळीवर असावा आणि मोजणी दोनदा करावी. ज्यांचा दाब अधिक आढळेल, त्यांना मेदाच्या तपासणीसाठी जवळच्या रुग्णालयात पाठवावे. त्याचप्रमाणे ज्यांचे मेद बिघडलेले आढळतील, त्यांचा दाब दर वर्षी न चुकता मोजावा.

शिक्षकांनाही यात मोठे कार्य करता येईल. सातवी-आठवीच्या विद्यार्थ्यांना घरातील एका महिन्याचे मीठ व तेल मोजावयास सांगावे, आलेल्या आकड्यास घरातील माणसांच्या संख्येने आणि तीस दिवसांनी भागावयास सांगावे. गणिताचा हा साधा पाठ मुलांच्या तोंडून आईच्या फोडणीपर्यंत आणि वडिलांच्या ताटापर्यंत पोहोचतो.

आपल्या खिशातील पैशांचा, शेताच्या उताऱ्याचा आणि भविष्य निर्वाह निधीचा आकडा कर्त्या पुरुषाला तोंडपाठ असतो. रक्तदाबाचे दोन आणि मेदाचे चार असे सहा आकडे त्याने त्याच वहीत शेजारी शेजारी लिहून ठेवावेत आणि दर वर्षी ते ताडून पाहावेत. ज्या संसारासाठी तो राबतो, त्या संसाराच्या जमाखर्चाइतकाच हा जोडहिशेबही आवश्यक आहे.